मांडवामागचा बर्फ

भावानं पुन्हा तीच ओळ चुकवली तेव्हा मी साइड ड्रमवरून मान वर केली.

वरात मारुतीच्या देवळापासून निघून चौकात येऊन अडकली होती. नवरदेवाचे मित्र नाचत होते, आणि ते नाचत होते तोवर आम्हाला पुढं सरकता येत नव्हतं. वर्धेकडचं गाव, मे महिना, ऐन दुपार. आमच्या अंगात बँडचा लाल गणवेश. जाड कापडाचा कोट, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. एखाद्या बाजेवाल्यानं वरचं बटण जरी सोडलं तरी लग्नवाले बँड चालवणाऱ्या उकंडा मास्तरांना बोल लावत, म्हणून मास्तर आमच्या बटणांवर नजर ठेवून असत.

माझा थोरला भाऊ गुणवंता बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. नवीन गाणं सकाळी कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या बोटांत उतरलेलं असे. चूक त्याच्या हातून क्वचित व्हायची, आणि झालीच तर तो आमच्याकडे बघून डोळा मिचकावी आणि ती चूक अशी काही घोळवत नेई की ऐकणाऱ्याला ती मुद्दाम घेतलेली जागा वाटे. त्या दिवशी त्यानं डोळा मिचकावला नाही. आपण चुकलो हे त्याला कळतच नव्हतं.

मी ड्रम वाजवत वाजवत त्याच्याजवळ सरकलो. "भाऊ, का झालं?"

त्यानं क्लॅरनेट तोंडातून काढलं. "तू बैल सोडले काय रे, देवा?"

"कोनते बैल?"

"उन्हात बांधून हायेत ना ते. सोड त्यायले. पानी पाज."

आमच्या घरी बैल कधीच नव्हता. शेतच नव्हतं तर बैल कुठून असणार? मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलोसुद्धा. मग त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हसू थांबलं. आम्ही सगळे घामानं निथळत होतो, कॉलर भिजून काळ्या पडल्या होत्या. भावाचं कपाळ मात्र कोरडं होतं. लाल आणि कोरडं. डोळे माझ्यावर होते, पण तो मला पाहत नव्हता.

मी त्याच्या मनगटाला हात लावला. तव्याला लावावा तसा चटका बसला.

"मास्तर, भावाले बरं नाई. थांबवा."

उकंडा मास्तरांनी मागं पाहिलं, पण तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढं आला. गुलाबी फेटा बांधलेला, दणकट माणूस. वरातीची सगळी सूत्रं त्याच्या हातात होती. "बाजा का मंद झाला? पोरं नाचत आहेत ना!"

भाऊ त्याच्याकडे वळला आणि काहीतरी पुटपुटला. शब्द नव्हते, नुसती जीभ अडखळत होती. एक पाऊल पुढं टाकलं, दुसरं भलतीकडेच पडलं, आणि तो नाचणाऱ्या पोरांच्या अंगावर कोसळला.

"पिऊन आला साला!" कोणीतरी ओरडलं. पोरं हसली. एकानं त्याच्या पडलेल्या टोपीचा तुरा आपल्या डोक्यात खोचला आणि पुन्हा नाचायला लागला.

"तो पीत नाई," मी म्हणालो. "आमचा बाप दारूनं गेला. भाऊ थेंब शिवत नाई."

"मग झोकांड्या कशाच्या खातोय?" मामा म्हणाला. "बाजूला घ्या त्याला. मास्तर, एकानं काही अडत नाही. वाजवा."

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत लाचारी होती. त्यांच्या मागं आमच्यासारखी बारा घरं होती. त्यांनी हात वर केला आणि बाजा पुन्हा सुरू झाला. मी ड्रमचा पट्टा गळ्यातून काढला, ड्रम तिथंच रस्त्यावर ठेवला आणि भावाच्या काखेत हात घातला.

कॉर्नेट वाजवणारा शालिक माझ्या मदतीला आला. आम्ही भावाला ओढत एका उभ्या ट्रॅक्टरच्या सावलीत नेलं. सावली कसली, ट्रॉलीचा पत्राच तापून वाफा सोडत होता. वरात पुढं गेली तशी आजूबाजूच्या घरांतली माणसं भोवती जमली. एक म्हातारा म्हणाला, फिट आली आहे, आणि कोणाची तरी चप्पल भावाच्या नाकाला लावली. शेवंता वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, सकाळी त्याच्या खिशात कांदा टाकून दिला होता, उन्हाची लू लागू नये म्हणून. शालिकनं तो फोडून त्याच्या तळपायांवर चोळला. एका बाईनं घरातून कैरीचं पन्हं आणलं. मी भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. पन्हं आत गेलं नाही. ते घशात घरघरलं आणि त्याला असा ठसका लागला की त्याचे डोळे पांढरे झाले.

"दवाखान्यात न्या बापा याले," ती बाई घाबरून म्हणाली.

गावात डॉक्टर नव्हता. बँडचा मेटाडोर लग्नघरामागं उभा होता. आम्ही भावाला उचललं. मी खांद्याकडून, शालिक पायाकडून. भाऊ काही जाडजूड नव्हता, पण शुद्ध हरपलेला माणूस किती जड होतो ते मला त्या दिवशी कळलं.

मांडवाच्या मागच्या बाजूला चुली पेटल्या होत्या. मेटाडोर होता, पण ड्रायव्हर नव्हता. तो गावात कुठंतरी सावली धरून आडवा झाला होता. शालिक त्याला शोधायला पळाला. मी भावाला मेटाडोरच्या सावलीत जमिनीवर ठेवलं. तिथं पोत्यांखाली, लाकडाच्या भुशात, बर्फाच्या लाद्या झाकून ठेवल्या होत्या. पोत्यांखालून गार पाणी निघून मातीत जिरत होतं.

"थोडा बर्फ द्या," मी आचाऱ्याला म्हणालो.

"मठ्ठ्याचा आहे तो. मालकाले विचार."

"मानूस मरून रायला, बापू!"

"मंग मालकाले विचार ना. माह्या हातात काय आहे?"

मी ओरडलो असेन. काय ओरडलो ते आठवत नाही. घराचं मागचं दार उघडलं आणि आतून नवरी बाहेर आली.

पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा. मागं दोन-तीन बायका "अगं, अगं" करत होत्या. तिचं नाव प्रणिता, हे मला नंतर कळलं. नागपूरच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, हेही नंतरच. त्या वेळी मला एवढंच दिसलं की नवरी मातीत गुडघे टेकून बसली आणि तिनं हाताची मागची बाजू भावाच्या मानेला लावली.

"घाम येत होता?"

"नाई."

"पडण्याआधी काही भलतंसलतं बोलत होते का?"

"बैल सोडा म्हणत होता. आमच्याकडं बैल नाईत."

तिनं मान हलवली, जणू ते बैल तिच्या ओळखीचे होते. "तोंडात काही ओतलं का?"

"पन्हं."

"आता काही ओतायचं नाही. शुद्ध नसलेल्या माणसाला थेंबही पाजायचा नाही, तो श्वासात जातो. यांना कुशीवर करा. कोट काढा. सगळे कपडे काढा." आणि मग आचाऱ्याकडे न पाहता, आवाज न चढवता, ती म्हणाली, "काका, बर्फ फोडा."

आचाऱ्यानं पोतं फाडलं.

तिनं बर्फाचे तुकडे भावाच्या मानेला लावले, काखेत लावले, जांघेत लावले. मला दाखवलं, कुठं धरायचे. अंगावरचा शेला ओढून काढला, पाण्याच्या पिंपात बुचकळला आणि त्याच्या छातीवर पसरला. "वारा पाहिजे. नुसत्या पाण्यानं भागणार नाही. तो स्टेजवरचा कूलर आणा."

"नवरदेवाचा कूलर?" कोणीतरी म्हणालं.

"हो. तोच."

कूलर आला नाही. मामा आला, आणि त्याच्यामागं नवरदेव. तोवर वरात मांडवात पोचली होती. मंगलाष्टकं म्हणणारे महाराज माइकवर घसा साफ करत होते. नवरीचे वडील भोयर, वयस्कर आणि थकलेले, धोतराचा सोगा हातात धरून धावत आले.

"प्रणू, बाई, हळद लागली आहे तुले. उठ. मुहूर्त चालला."

"बाबा, याले ऊन लागलं आहे. आत शिजून रायला तो. आत्ता थंड केला तर वाचंल, नाई तं दवाखान्यात जाईपर्यंत..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी समोर बसलो होतो.

"बाजेवाल्याच्या उघड्या अंगाला हात लावून ही मांडवात उभी राहणार?" मामा म्हणाला. हे त्यानं तिला म्हटलं नाही, वडिलांना म्हटलं. "भोयर, आम्ही पाहुणे कशासाठी आणले?"

नवरदेव पुढं झाला. तो वाईट माणूस वाटला नाही. गोंधळला होता. "प्रणिता, तू चल. याला कोणीतरी डॉक्टरकडे नेईल."

"कोण नेईल? तुमची गाडी द्या. पुढची सीट पाडून आडवं करता येईल."

त्याची गाडी दारात उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. त्यानं गाडीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि खाली पाहिलं.

"त्या गाडीतून नवरी न्यायची आहे," मामा म्हणाला. "मुडदा नाही."

"मुडदा नाई तो!" मी उठलो. कोणाच्या अंगावर जाणार होतो कोण जाणे, पण तिनं माझा हात धरून खाली ओढलं. "तुम्ही बर्फ धरा. हात काढू नका. काखेतला विरघळला की बदला."

मी बर्फ धरला. माझी बोटं बधिर झाली होती. भोवती माणसं उभी होती, सगळी नवीन कपड्यांतली, आणि त्यांच्यातून तिच्या आईचं रडणं ऐकू येत होतं. मधे केव्हातरी भावाच्या अंगाचा चटका कमी झाल्यासारखा वाटला. मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते जाणवलं होतं. तिनं त्याच्या गालावर थोपटलं. "दादा, ऐकू येतं का? दादा, डोळे उघडा."

भावानं डोळे उघडले.

मी त्याच्या तोंडावर वाकलो. "भाऊ, मी देवा." त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. ओळख होती तिच्यात. ओठ हलले, पण काय म्हणाला ते मला समजलं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, "का म्हनतं? का म्हनतं, भाऊ?" पण तेवढ्यानंच तो दमला होता.

शालिक ड्रायव्हरला घेऊन आला. आम्ही मेटाडोरमध्ये बर्फ टाकला आणि त्यावर ओलं पोतं टाकून भावाला झोपवलं. प्रणिता उठली. सगळ्यांना वाटलं, आता ती घरात जाईल. तिच्या वडिलांनी हात पुढं केला. तिनं मेटाडोरच्या फाळक्याला धरून पाय वर टाकला. चुड्यातली एक बांगडी फुटून खाली पडली.

"प्रणू," वडील म्हणाले. एवढंच म्हणाले.

"बाबा, वाटेत याचा श्वास गेला तं यायले काई समजणार नाई. मी येतो लवकर."

मांडवातून कोणीतरी माइकवर नवरीला बोलावत होतं. आम्ही गावाबाहेर पडेपर्यंत ते ऐकू येत होतं.

तालुक्याचा रस्ता उखडलेला होता. उघड्या मेटाडोरमध्ये वारा भरपूर लागत होता, पण तो भट्टीतून आल्यासारखा होता. ती भावावर वाकून बसली होती, एक हात त्याच्या गळ्याच्या शिरेवर, मुंडावळ्या वाऱ्यानं तोंडावर येत होत्या. शेवटी तिनं त्या काढून बाजूला फेकल्या. नदीच्या पुलावर भावाचं अंग ताठ झालं. हात वाकडे झाले, दातखीळ बसली. शालिक दातांत घालायला चमचा शोधू लागला, तिनं त्याला अडवलं. "काही घालू नका. डोकं आपटू देऊ नका, बस." ते झटके थांबले तेव्हा भाऊ पुन्हा सैल पडला, आणि तिनं त्याच्या नाकाशी गाल नेला. मग त्याला उताणं केलं आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवून दाबायला सुरुवात केली.

ती दवाखान्याच्या दारापर्यंत दाबत होती. अर्ध्या वाटेवर थकली तेव्हा तिनं माझे हात त्याच्या छातीवर ठेवून घेतले, जोर किती लावायचा ते सांगितलं. माझ्या तळव्याखाली काहीतरी कट्‌कन वाजलं. मी थांबलो. ती ओरडली, "थांबू नका!" मी थांबलो नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्ट्रेचरवरच तपासलं. बराच वेळ प्रयत्न केले. मग ते बाहेर आले आणि त्यांनी माझ्या आधी तिच्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना वाटलं, तीच त्याची बायको आहे. अंगावर हळद, फुटका चुडा, ओली साडी. तिनंच मान हलवली आणि मला सांगितलं.

संध्याकाळी शेवंता वहिनी आली. कोणीतरी मोटारसायकलवर आणली होती. तिच्या कडेवर धाकटी पोर होती. भावाचं अंग गार आणि ओलं होतं, काखेत बर्फानं लाल चट्टे पडले होते, छातीवर काळंनिळं झालं होतं. वहिनीनं त्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"इतका थंडा काहून आहे हा?"

बरोबर आलेल्या एका माणसानं सांगितलं. उन्हातून आलेल्या तापल्या माणसाला त्या नवरीनं बर्फावर झोपवलं. रक्त गोठलं. आणि वरून छाती मोडली.

"वैनी, तसं नाई," मी म्हणालो. पण मला तरी काय माहीत होतं? माझ्या आवाजात दम नव्हता.

प्रणिता भिंतीला टेकून बसली होती. तिच्या वडिलांच्या निरोपाची वाट पाहत असावी. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बर्फात ठेवून मारलं माह्या नवऱ्याले. कोन होतं तू त्याची? तुह्या अंगाले परत कधी हळद लागायची नाई!"

प्रणिताला सगळं समजावून सांगता आलं असतं. ती नुसती वहिनीच्या कडेवरच्या पोरीकडे पाहत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. वऱ्हाड त्याच दिवशी परत गेलं. मुहूर्ताला मढ्याला हात लावलेली पोरगी, असं तिचं नाव झालं. उकंडा मास्तरांनी दुसरा क्लॅरनेटवाला घेतला. मी ड्रमला पुन्हा हात लावला नाही; पुलगावला एका गोदामात कामाला लागलो. वहिनीनं दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करून दोन्ही लेकरं मोठी केली. दर वर्षी भावाच्या तिथीला, पान वाढताना, ती त्या नवरीला शिव्या द्यायची. आम्ही खाली मान घालून जेवायचो.

बऱ्याच वर्षांनी माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं म्हणून मी वर्धेला एका मोठ्या दवाखान्यात होतो. वॉर्डात एक सिस्टर आल्या. केस पांढरे झालेले, चष्मा लावलेला. त्यांनी माझ्या बायकोच्या मानेला हाताची मागची बाजू लावली आणि मी उभा राहिलो.

"ताई, तुम्ही भोयर ना? मी देवानंद. बँडवाला."

त्या वॉर्ड संपवून बाहेर आल्या, जिन्याजवळच्या बाकावर बसल्या आणि मला बसायला सांगितलं.

मी विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "बर्फानं गेला काय तो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आजही माझ्यासमोर कोणी असा आला तर मी तेच करीन. बर्फ उशिरा मिळाला. तो बैलांचं बोलला तेव्हाच कोट काढून अंगावर पाणी ओतलं असतं, वारा घातला असता तर..." त्या थांबल्या. "तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पण बाजा थांबवायला हवा होता."

"तुमचं लग्न?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "वडिलांनी खूप खटपट केली. ते असेपर्यंत."

मी त्याच आठवड्यात वहिनीच्या घरी गेलो. ती अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. आता तीही म्हातारी झाली होती. मी सगळं सांगितलं. बर्फानं मेला नाही, बर्फच काय तो त्याच्या कामी आला होता, त्या बाईनं आपलं लग्न सोडून त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. वहिनी पाखडत राहिली. फोल उडून माझ्या पायावर पडत होतं.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गावात दवाखान्याकडून आशाताई येते ना, तिनं सांगतलं होतं. ऊन लागलं तं काय करावं म्हनून. काखेत बर्फ ठेवा म्हने, मानेले ठेवा म्हने." सूप थांबलं. "मी तवाच समजलो."

"मंग वैनी, दर वर्षी शिव्या काहून देतं तिले?"

ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"मंग कोनाले देऊ? त्या मामाचं नावबी मले ठाऊक नाई. मास्तर मेला. उन्हाले देऊ काय?" तिनं सुपातला एक खडा उचलून टाकला. "कोनी मारलं म्हटलं तं रडाले तरी येते. कोनीच नाई मारलं, अशीच बाजा वाजवता वाजवता मरून गेला म्हटलं, तं कसं रडावं?"

मी पायावरचं फोल झटकलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लगन झालं काय मंग तिचं?"

"नाई."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडावर ओढून घेतला. मी वाट पाहत राहिलो, पण पदराआडून आवाज आला नाही. मी म्हटलं, "परत जानार आहे मी दवाखान्यात. काई सांगू काय तिले?"

दारातली कोंबडी येऊन सुपातली तूर टिपू लागली तरी तिनं हाकलली नाही.

"नको," ती शेवटी म्हणाली. "काई नको सांगू. आता सांगून तिले काय भेटते."